महिनाअखेरच्या गणिताला हात लावलेला नाही

ज्या वाक्याने माझे पद वाचायला हवे होते आणि वाचले नाही, ते मी एका मंगळवारी दुपारी लिहिले: ‘महिनाअखेरच्या गणिताला हात लावलेला नाही.’ पाच शब्द. त्यांतला एकही खोटा नव्हता, आणि तरीही सहा वर्षे ते खोटे ठरून राहिले.

आमची संस्था औषधांच्या कोठारांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्यातले एक लहानसे पॅकेज माझ्या ताब्यात होते. बाटली कोणत्या दिवशी भरली आणि औषध किती काळ टिकते एवढे त्याला सांगितले, की ती कोणत्या तारखेपर्यंत वापरावी हे ते सांगे. काम चिमुकले, पण शेकडो कोठारांतल्या लेबलांवरची तारीख त्याच्यावर अवलंबून. नऊ वर्षे मी त्याचा मेंटेनर होतो. म्हणजे त्यात कोण काय बदलतो हे तपासायचे, नव्या आवृत्त्या बाहेर सोडायच्या आणि काही बिघडले तर शिव्या खायच्या.

प्रत्येक आवृत्तीबरोबर मी चेंजलॉग लिहीत असे. या खेपेला काय बदलले, का बदलले, आणि मुख्य म्हणजे काय बदललेले नाही, हे कोठारातल्या माणसाला समजेल अशा भाषेत सांगणारे पान. माझे वडील छापखान्यात मुद्रितशोधक होते. छापून गेलेली ओळ परत बोलावता येत नाही, या धाकात मी वाढलो. त्यामुळे तीन ओळींच्या नोंदीला मला कधी कधी दोन तास लागत. ऑफिसात माझे नाव ‘बखरकार’ पडले होते. ते पाडणारा माझा शेजारच्या टेबलावरचा मित्र, आणि त्याला आम्ही सर्वांनी मिळून दिलेले नाव ‘धडाका’. दोन दिवसांचे काम तो सकाळी उरकी आणि दुपारभर ते निस्तरत बसे.

“काय बखरकार, आज कोणत्या लढाईचं वर्णन?”

“तुझ्या कालच्या पराभवाचं.”

“अरे, पण कशाला हा उपद्व्याप? इतिहास आहे ना!”

इतिहास म्हणजे त्याच्या मते सर्व रोगांवरचे औषध. आम्ही केलेला प्रत्येक बदल संगणक टिपून ठेवतो. त्या एकेका टिपणाला कमिट म्हणतात, आणि कमिटांची अखंड माळ हा पॅकेजचा इतिहास. कोणती ओळ कोणी लिहिली, केव्हा लिहिली, हे विचारले की क्षणात सांगतो. धडाक्याचे म्हणणे, एवढे असताना वेगळा चेंजलॉग लिहिणे म्हणजे फोटो काढून झाल्यावर त्याच माणसाचे चित्र काढत बसणे.

“माणूस संध्याकाळी घरी येतो,” मी म्हणायचो. “आपण विचारतो, काय झालं आज? तो मिनिटामिनिटाची यादी वाचायला लागला तर आपण डॉक्टरला बोलावतो.”

“आणि ‘काय झालं’ला नवरे जे उत्तर देतात ना, तो तुझा चेंजलॉग! शहाण्या बायका काय करतात? खिसे तपासतात. खिसे म्हणजे इतिहास.”

मंडळी हसत. मीही हसे. हा वाद आमच्या मैत्रीचा खुराक होता.

त्या मंगळवारी मी एक क्षुल्लक बदल केला. लेबलावर दिवस आधी छापायचा की महिना, हे ज्याच्या त्याच्या कोठाराला निवडता यावे, इतकाच. त्याच कमिटमध्ये चेंजलॉगची नोंद घातली, आणि वाचणाऱ्याला धाकधूक नको म्हणून शेवटी ते पाच शब्द लिहिले. बुधवारी दोघा सहकाऱ्यांनी काम तपासून मंजूर केले. गुरुवारपासून सोमवारपर्यंत मी रजेवर होतो, कारण वडिलांच्या डोळ्याची शस्त्रक्रिया होती. माझ्या गैरहजेरीत धडाक्याने शनिवारी ती आवृत्ती बाहेर सोडली.

दोन महिन्यांनी भांडे फुटले. तीस दिवसांच्या महिन्याची अखेर आली, की आमचे पॅकेज औषधाला एक दिवसाचे आयुष्य फुकट बहाल करत होते. एका कोठारातून तीनशे बारा बाटल्या मुदत उलटल्यावर वापरल्या गेल्या. कोणाला अपाय झाला नाही, परंतु होऊ शकला असता, आणि तेवढे पुरेसे होते. तिघांची चौकशी समिती बसली. धडाक्याने सर्वांसमोर पडद्यावर प्रश्न टाकला, ही सदोष ओळ कोणाची? संगणकाने उत्तर दिले. माझे नाव. मंगळवार.

“हे तुमचंच नाव ना?” समितीच्या अध्यक्षांनी विचारले.

“नाव माझं आहे. ओळ माझी नाही.”

“असं कसं असेल?”

“चेंजलॉग वाचा साहेब. त्याच दिवशी मी स्पष्ट लिहिलंय, महिनाअखेरच्या गणिताला हात लावलेला नाही.”

“आणि चेंजलॉग कोण लिहितं?”

“मीच लिहितो.”

“वा! म्हणजे आरोपी तुम्ही आणि साक्षीदारही तुम्हीच.”

खोलीत हशा पिकला. अध्यक्षांनी धडाक्याकडे वळून त्याचे मत विचारले. तो आपल्या बुटांकडे पाहत होता. इतक्या वर्षांत मी त्याला मान खाली घातलेला कधी पाहिला नव्हता. बुटांकडेच पाहत तो म्हणाला, “चेंजलॉग माणूस लिहितो साहेब. इतिहास यंत्र लिहितं.”

त्या क्षणी मला कळले की ती ओळ कोणाची. कळणे आणि सिद्ध करणे यांत मात्र कोसांचे अंतर असते. त्याच दुपारी माझा पॅकेजवरचा अधिकार काढून घेतला गेला आणि माझी रवानगी वापरपुस्तिकांच्या विभागात झाली. मेंटेनर झाला धडाका. महिन्याच्या आत त्याने सगळा पसारा नव्या जागी हलवला, नऊ वर्षांच्या कमिटांची माळ वितळवून त्यांचा एकच गोळा केला, त्याला नाव दिले ‘सुरुवात’, आणि चेंजलॉगची फाईल पुसून टाकली. कारण त्याने लिहून ठेवले होते: इतिहास असताना चेंजलॉगची गरज नाही. जो इतिहास त्याने नुकताच गिळला होता, तो!

मी डूख धरला. हे मी कोणतीही लाज न बाळगता सांगतो.

वापरपुस्तिकांच्या विभागाची खिडकी जिन्यासमोर होती. सहा वर्षे तो माणूस रोज दोनदा माझ्या समोरून गेला आणि प्रत्येक वेळी त्याने खिशातला फोन काढून पाहिला. घरी वडिलांच्या टेबलाच्या खणात चौकशीचा अहवाल होता. त्यांनी तो मागून घेतला होता, भिंग लावून वाचला होता, आणि ‘निष्काळजीपणा’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. मला ते एकदाच म्हणाले, “चूक तुझी असेल तर मान्य कर. नसेल तर शुद्धिपत्र निघालं पाहिजे.” त्यांचा उजवा डोळा गेला होता आणि डावा जाण्याच्या वाटेवर होता. मला ते शुद्धिपत्र त्यांच्या डोळ्यांत उजेड असेतो हवे होते, आणि ते धडाक्याच्या हातून हवे होते.

“अहो, सूड म्हणजे काय पेन्शनचा अर्ज आहे,” बायको म्हणायची, “वर्षानुवर्षं पाठपुरावा करायला?”

“अर्ज मंजूर व्हायच्या बेतात असतानाच लोक कंटाळतात.”

“तुम्ही कंटाळणार नाही. मी कंटाळलेय.”

सहाव्या वर्षी पॅकेजे सांभाळणाऱ्यांचा दोन दिवसांचा एक मेळावा भरला. तिथे जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई होत्या. एका संगणक प्रणालीसाठी त्या दुसऱ्यांनी बनवलेली शेकडो पॅकेजे गोळा करत, आणि त्यांच्या ऑफिसात त्यांना सर्व जण ‘अडगळबाई’ म्हणत.

“का म्हणतात तसं?” मी विचारले.

“मी काही टाकत नाही म्हणून. नवरा सोडला तर आजवर एक गोष्ट टाकलेली नाही.”

“जुनी पॅकेजंसुद्धा?”

“पॅकेजं, त्यांचे चेंजलॉग, त्यांचा सगळा इतिहास. मूळ मालक पुसून टाकतात हो, मग रडत माझ्याकडे येतात. तुमचं कोणतं?”

मी नाव सांगितले. ताट तसेच हातात धरून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिले. “ते होय! त्याचा चेंजलॉग मी झोप येत नसली की वाचायचे. रागावू नका, झोप यावी म्हणून नव्हे. छान असायचा.”

दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्या ऑफिसात गेलो. भिंतीला लागून लोखंडी मांडणी, तिच्यावर जुनी यंत्रे, प्रत्येकावर त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी. त्यांनी एक यंत्र चालू केले, माझे ते मंगळवारचे कमिट काढले, आणि समितीने पाहिलेलाच पडदा माझ्यासमोर आणला. माझे नाव. मंगळवार.

“हे मी पाहिलंय,” मी कडवटपणे म्हणालो.

“हे अर्धं आहे. घाईतल्या माणसांसाठी. पूर्ण पान बघायचं असतं.” त्यांनी आणखी काही अक्षरे टंकली.

आता नावे दोन होती. ‘लेखक’ या शब्दापुढे मी आणि मंगळवार. त्याखाली ‘नोंदवणारा’, त्यापुढे धडाका, शुक्रवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटे.

“मंजूर झालेलं कमिट कोणी उघडून त्यात आपलं काही घुसवलं,” बाई म्हणाल्या, “की लेखक जुनाच राहतो. नोंदवणारा मात्र बदलतो. पाहुणा पुढच्या दाराने आला की मागच्या, हे यंत्र लिहून ठेवतं. विचारल्याशिवाय सांगत नाही एवढंच.”

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. समितीसमोर सुचले नाही, कारण इतिहासाला मी नेहमी हमालांची वही समजत आलो होतो, आणि हमालांची वही कोण मुळापर्यंत वाचतो? धडाक्याचेही तेच. चेंजलॉगला तो इतका तुच्छ मानत असे, की ज्या कमिटमध्ये त्याने महिनाअखेरचे गणित घुसवले, त्याच कमिटमधले, चार ओळी वरचे माझे वाक्य त्याने वाचलेच नाही. चोराने ऐवज लपवला तो नेमका चोरीच्या फिर्यादीत गुंडाळून. आम्ही दोघेही एकमेकांची वही न वाचता भांडत राहिलो होतो. फरक इतकाच, की भोगले मी.

त्या शुक्रवारी चार वाजून दहा मिनिटांनी मी कोठे होतो, ते रुग्णालयाच्या कागदावर होते. वडिलांच्या डोळ्यात दर तासाला औषधाचे थेंब घालत होतो.

मी कागद घेऊन धडाक्याच्या केबिनमध्ये गेलो. पुढच्या महिन्यात तो संस्थेचा तांत्रिक संचालक व्हायचा होता. टेबलावर अभिनंदनाची फुले आधीच येऊन सुकू लागली होती. त्याने कागद वाचला आणि बराच वेळ तो हातात धरून ठेवला.

“किती दिवसांनी आलास रे या खोलीत,” तो म्हणाला.

“खोली तेव्हा आपली दोघांची होती.”

“कुठे मिळालं हे?”

“जिथे लोक टाकत नाहीत तिथे.”

“समितीकडे जाणार?”

“गेलो असतो तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?”

“मग काय पाहिजे? हे पद? घे. मी सांगतो वर.”

“चेंजलॉग.”

“काय?”

“चेंजलॉग परत चालू कर. पुढच्या आवृत्तीत. आणि त्यातली पहिली नोंद तू लिहायची. काय केलंस, केव्हा केलंस, कोणाच्या नावाखाली केलंस. पॅकेज जिथे जिथे जाईल तिथे तिथे ते पान जाईल. एकदा गेलं की ते तुलाही पुसता येणार नाही आणि मलाही.”

तो हसण्याचा प्रयत्न करत म्हणाला, “तू अजून तसाच आहेस. माणसाला फासावर चढवताना दोरीची गाठ सुबक आहे का बघणारा.”

“गाठ तूच मारायची आहेस. आठ दिवस देतो.”

पहिला मसुदा त्याने तिसऱ्याच दिवशी पाठवला. सहा-सात वाक्ये, तीही अशी की एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. तारीख नाही, वेळ नाही, आवृत्तीचा क्रमांक नाही. शुद्धलेखनाची तर दाणादाण. मी तो लाल शेरे मारून परत केला. ‘शुक्रवार’ म्हणजे कोणता? ‘घाईत होतो’ हे कारण आहे की सबब? आवाज निघाला की नाही याच्याशी वाचकाला काय कर्तव्य? दुसरा मसुदा सरकारी झाला. तिसऱ्यात ‘काही त्रुटी राहून गेल्या’ असे शब्द आले, ते मी इतक्या जोरात खोडले की बायकोने स्वयंपाकघरातून विचारले, “कीबोर्ड मोडला का?” चौथा, पाचवा, सहावा. प्रत्येक मसुदा तो रिपॉझिटरीत, म्हणजे पॅकेजच्या कमिटांच्या कोठीत, एका वेगळ्या कमिटमध्ये ठेवी, मी वाचे, परत करी. खरे सांगायचे तर त्या तीन आठवड्यांत मी जितका सुखी होतो तितका सहा वर्षांत नव्हतो. त्याला वाट पाहायला लावण्यासाठी एक तयार उत्तर मी दोन दिवस मुद्दाम अडवून धरले.

सहाव्या मसुद्यानंतर त्याचा फोन आला. “मला जमत नाही रे. तुझा अधिकार परत चालू केलाय. तूच लिही काय लिहायचं ते. नाव माझं राहू दे, मी नाही म्हणणार नाही.”

गुरुवारी सकाळी मी बसलो. त्याचा सहावा मसुदा उघडला आणि त्याच्यावरच दुरुस्ती करत गेलो. पावणेबाराला नोंद तयार झाली:

‘आवृत्ती ४.२ मधील महिनाअखेरचा दोष सर्वस्वी माझा होता. तो बदल मी शुक्रवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, दुसऱ्याच्या मंजूर झालेल्या कामात, त्याच्या अनुपस्थितीत व त्याच्या संमतीवाचून मिसळला. चौकशी समितीपुढे मी मौन धरले. आणि ते मौन असत्याहून वेगळे नव्हते.’

आधीचे पाच मसुदे पानाची शोभा घालवत होते. मी सगळे वितळवून एकच स्वच्छ कमिट केले आणि आवृत्ती बाहेर सोडली. संध्याकाळपर्यंत ती शेकडो कोठारांत पोहोचली. सोमवारी संचालकपदाची नेमणूक रद्द झाली. त्यापुढच्या सोमवारी धडाका वापरपुस्तिकांच्या विभागात, जिन्यासमोरच्या खिडकीपाशी बसलेला मी पाहिला. मी दिवसातून चार वेळा त्या जिन्याने वरखाली गेलो. फोन खिशातून काढला नाही. त्याच्याकडे सरळ पाहत गेलो.

त्याच आठवड्याच्या रविवारी ते पान मोठ्या अक्षरांत छापून मी वडिलांपुढे ठेवले. त्यांनी भिंग डाव्या डोळ्याशी धरले आणि एकेका शब्दावरून बोट सरकवत वाचले. पुन्हा एकदा वाचले. मी वाट पाहत उभा होतो. परीक्षेचा निकाल हाती घेऊन उभा राहणारा शाळकरी पोर आणि मी यांत त्या घटकेला काही फरक नव्हता.

“छान आहे,” ते म्हणाले. “कधी लिहिलंस?”

“मी नाही बाबा. त्याने लिहिलंय. खाली नाव आहे बघा.”

“नाव दिसलं. वाक्य कोणाचं ते विचारतोय.”

“त्याचंच.”

“अरे, चाळीस वर्षं मी लोकांची वाक्यं वाचून पोट भरलं. ‘असत्याहून वेगळे नव्हते’ म्हणे! आपली लबाडी सांगताना माणूस असा रुबाबात चालत येतो होय? हे तू लिहिलंस.”

“मजकूर खरा आहे ना? शब्द कोणाचे का असेनात.”

“मग त्याने तरी वेगळं काय केलं होतं? कमिट कामाचं आहे ना, नाव कोणाचं का असेना!”

त्यांनी पान माझ्याकडे सरकवले. त्या सरकवण्यात राग नव्हता. चुकांनी भरलेले कच्चे मुद्रित खिळे जुळवणाऱ्याकडे परत जाई, तसे ते आले.

“त्याने स्वतःच्या हाताने काही लिहिलं होतं का?”

“सुरुवातीला. गबाळं होतं.”

“ते आण. छापील प्रत सगळ्यांसाठी असते. मला मुद्रित बघायचं आहे.”

मुद्रित नव्हते. ते मीच, गुरुवारी पावणेबाराला, पानाच्या शोभेसाठी वितळवले होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी अडगळबाईंना फोन केला.

“तुम्हीसुद्धा?” त्या खळखळून हसल्या. “सगळे पुसतात आणि सगळे येतात. आहेत, सहाच्या सहा आहेत, माझं यंत्र रोज रात्री प्रत काढतं. पाठवते. आणि रागावणार नसाल तर एक सांगू?”

“सांगा.”

“तुमचं ते स्वच्छ कमिट मी पूर्ण उघडून बघितलं. सवय आहे मला. लेखक ते. नोंदवणारे तुम्ही, गुरुवार, पावणेबारा. अगदी त्यांच्यासारखंच की हो!”

मी उत्तराला तोंड उघडले. निघाला तो नुसता श्वास.

पहिला मसुदा मी सहा आठवड्यांनी पुन्हा वाचला, आणि या खेपेला हातात लाल रंग नव्हता. त्यानंतर पुढच्या आवृत्तीचा चेंजलॉग लिहायला घेतला. मागील नोंदीतली कबुली त्याची असली तरी वाक्ये माझी होती, ती मी त्याच्या नावाखाली घातली, आणि त्याची स्वतःची वाक्ये पुसली, असे सुरुवातीलाच लिहिले. ही चार ओळींची कबुली लिहायला मला पूर्ण दिवस लागला, आणि तिच्यात रुबाब येऊ न देणे हेच त्यातले सर्वांत अवघड काम होते. मग धडाक्याला फोन लावला.

“तुझा पहिला मसुदा छापतोय. जसाच्या तसा.”

“तोच तर तू फेकून दिला होतास.”

“हो.”

“बरं. छाप. पण निदान शुद्धलेखन तरी नीट कर रे बाबा. शेकडो कोठारांत जाणार आहे.”

“नाही.”

“अरे, लोक हसतील.”

“हसू देत,” मी म्हणालो. सहा वर्षांचे उट्टे काही एका फोनमध्ये फिटत नाही. उरलेले मी एवढ्यावर भागवायचे ठरवले होते.

आवृत्ती निघाली त्या दिवशी मी पान छापून वडिलांना दिले. त्यांनी खिडकीजवळ खुर्ची ओढून घेतली आणि भिंग धरले.

‘मि त्या शूक्रवारी घाईत होतो. गिऱ्हाइकाला शब्द दीला होता. माझा बदल तपासणिला गेला असता तर चार दिवस गेले असते म्हणुन तुझ्या मंजूर कामात ढकलला. तुझं त्यात काय लीहिलंय ते वाचलं पण नाहि. समितीत सांगायला तोंड ऊघडलं, आवाजच निघाला नाहि. तेव्हापासुन तू दिसलास की मि फोन काढून बघतो. फोनवर काही नसतं.’

शेवटच्या वाक्यावर त्यांचे बोट थांबले. मग, चाळीस वर्षांची सवय, त्यांनी न पाहताच टेबलावरची पेन्सिल उचलली आणि तिचे टोक ‘मि’वर टेकवले.

मी त्यांचा हात धरला.

“राहू द्या, बाबा.”